दोनशे मीटर पूर्वेला

नेरुळला, पाचव्या मजल्यावर, पडदे ओढलेल्या खोलीत
मला पगार मिळतो तो खोटं बोलण्याचा.
काचेमागे बसतो, चहा गार होऊ देतो
आणि सहा पोरांचं जहाज
एका बटणाने सरकवतो पूर्वेला.
एकदम नाही. एकदम सरकवलं तर कुणीही ओरडेल.
मिनिटाला दहा मीटर,
ओहोटी पायाखालची रेती नेते तसं,
उभ्या माणसाला न हलवता.

सिग्नल दाबून टाकणं त्या मानाने सरळ.
पडदा रिकामा होतो, भोंगा वाजतो,
माणूस सावध होतो.
ते मी पहिल्याच दिवशी उरकतो, जेवणाआधी.
चकवा दुसऱ्या दिवशी.
चकव्यात काही वाजत नाही.
आकडे हिरवे, उपग्रह अकरा,
आणि सगळी यंत्रं एकमेकांना माना डोलावतात
कारण सगळ्यांनी ऐकलेलं असतं
एकाच तोंडून.

मला लागला होता चकवा. आखातात, मध्यरात्रीच्या पाळीला.
नकाशावर आमचं जहाज
विमानतळाच्या धावपट्टीवर चाललं होतं,
ऐंशी हजार टन, वेग बारा नॉट.
मी हसलो. खरं तेच सांगतो, आधी हसलो.
मग ठिपका समुद्रात परतला, शहाण्यासारखा,
आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

सुकाण्यावर हर्णैचा इब्राहिम मुकादम होता.
म्हणाला, "साहेब, चक्र जड लागतंय."
एवढंच. जड लागतंय.
नकाशा म्हणत होता, पाणी चाळीस मीटर.
तळाखाली होतं चार.
पुढचं अहवालात आहे.

आजच्या तुकडीत एक प्रज्वल नाखवा, दिवाळ्याचा.
अठराव्या मिनिटाला पाच डोकी पडद्यात
आणि हा उठून खिडकीशी गेला.
खिडकी म्हणजे भिंतीवर सोडलेला उजेड,
न्हावा-शेवाकडे जाणारी वाट, खोट्या लाटा.
होकायंत्रावरून एक डोळा मिटून बघत राहिला.
"सर, घारापुरी जागेवर नाही."
मी माइकवरून म्हणालो, "घारापुरी जागेवरच आहे."
बराच वेळ कुणी बोललं नाही.
"मग आपण नाही."

नंतर चहाला विचारलं, कुठे शिकलास?
म्हणाला, बा खाडीतून परतताना
उलव्याच्या टेकडीचा शेंडा आणि देवळाचा कळस
एका रेघेत धरायचा.
मग टेकडी गेली.
सुरुंग लावून, दिवसाढवळ्या, नोटीस देऊन.
तिथे आता विमानं उतरतात.
त्या वर्षी दोनदा होडी चिखलात बसली,
एकदा पापलेटांसकट.

(मी गप्प. माझ्या डोक्यात
ती आखातातली धावपट्टी,
आणि तिच्यावरून बारा नॉटने जाणारा मी.)

आता म्हातारा कुठल्याशा टॉवरवरचा लाल दिवा धरतो.
पण दिवा सोसायटीचा. बिल थकलं की विझणारा.
म्हणून पोराला सांगतो,
"दिव्याला बग, पन बांबू होरीन ठेव."
दर थोड्या वेळाने बांबू पाण्यात,
चिखल लागला की वळायचं.
बांबूला कुणाचं ऐकू येत नाही.

इब्राहिमचा ईदला फोन येतो.
मी विचारतो, चक्र कसं आहे?
तो म्हणतो, आता स्कूटर चालवतो, साहेब, हलकी आहे.

संध्याकाळी मी ते दोनशे मीटर
परत पश्चिमेला आणून ठेवतो, उद्याच्या पोरांसाठी.
या खोलीत एक बांबू आणून ठेवावा म्हणतोय,
दहा फुटी, खाडीतला, खाली चिखल वाळलेला.
मागणीपत्रही भरायला घेतलंय.
'उपयोग' या रकान्यात काय लिहावं,
तेवढं ठरत नाही.